नावाची ओळ

४ फेब्रुवारी

टिल्लूस,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत. का, ते पुढे वाचलंस की कळेल.

माझ्या हाती तुझा पत्ता कसा लागला, हे पहिल्यांदा मनात येईल तुझ्या. तुझ्या त्या फोटोवाल्या मित्राकडून उकळला. ओळखपत्राचा फोटो काढायला गेले होते. आधी तो कानांवर हात ठेवत होता. मी म्हटलं, पत्ता मिळाल्याशिवाय मी या स्टुलावरून उठत नाही. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा कुठे त्याने चिठ्ठीवर लिहून दिला. खरा दिला असेल अशी आशा आहे. माणूस नजर चुकवत होता.

माझी बदली झाली. तिकीट तपासनीस म्हणून बरीच वर्षं लोकांचे खिसे बघितले, आता बस आगाराच्या हरवलं-सापडलं खिडकीत बसते. लोक गाडीत काय काय विसरतात, तुला कल्पना नाही. छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकदा तर कुबडी. कुबडी विसरून माणूस चालत घरी गेलाच कसा? तो मुळात लंगडा नसणार, असा माझा कयास आहे. सवलतीच्या तिकिटासाठी लोक काहीही करतात.

तर मुद्द्यावर येते. इथे आता नवी संगणक यंत्रणा बसते आहे आणि जुन्या नोंदी चाळून तिच्यात भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. जुन्या सगळ्या नोंदी एकाच लांबलचक फाइलीत आहेत. नुसता मजकूर, ना रकाने ना रेघा. एक नोंद चार ओळींची असते: वस्तू काय, कुठे सापडली, नेली की नाही आणि नाव. फाइल इतकी मोठी की डोळ्यांनी वाचत बसलं तर मी इथूनच निवृत्त होईन. म्हणून संगणक विभागातल्या एका मुलीने मला ग्रेप नावाची आज्ञा शिकवली. तिला इथे सगळे कमांडबाई म्हणतात. काळ्या पडद्यावर एक शब्द टाईप करायचा, की तो शब्द असलेली ओळ ग्रेप शोधून समोर ठेवते. 'खालच्या तीन ओळीही दे' असंही सांगता येतं. मग वस्तूच्या ओळीपासून चारही ओळी मिळतात.

मी आधी 'छत्री' टाकून बघितलं. मग 'चष्मा'. आणि मग, कुणी बघत नाही असं पाहून, 'क्लॅरिनेट' टाकलं.

फाइलीत जे निघालं ते जसंच्या तसं उतरवते.

वस्तू: क्लॅरिनेट, काळी पेटी
कुठे: शेवटचा थांबा, मागची सीट
नेली: हो
नाव:

आणि या नावाच्या ओळीत तू आहेस, टिल्लू. तुझं नाव, मध्ये बाबांचं, मग आडनाव. पुढे तुझा तेव्हाचा फोन नंबर.

तू काय सांगितलं होतंस आम्हाला? दुरुस्तीवाल्याकडून क्लॅरिनेट आणताना पेटी गाडीत राहिली. खिडकीवर जाऊन विचारलं, मिळाली नाही म्हणतात. बाबांचा निरोपाचा कार्यक्रम तोंडावर आलेला. आयुष्यभर ज्या वाद्यवृंदात वाजवलं, त्याच्यासमोर ते रिकाम्या हातांनी खुर्चीत बसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हाच म्हटलं होतं, पेटी हरवलेली नाही, विकली. त्याच आठवड्यात तुझ्या गळ्यात नवा कॅमेरा आला होता. तू रागाने लाल झालास, बॅग भरलीस आणि गेलास. खरा माणूस बसून भांडतो, असं मी तेव्हा बाबांना म्हटलं होतं.

आता लेखी पुरावा आहे. पेटी तू खिडकीतून नेलीस. पुढे काय केलंस तेवढं सांग. बाबा थकले आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा चोर आहे की विसरभोळा, हे त्यांना एकदाचं कळायला हवं. मलाही.

ताई

१५ फेब्रुवारी

टिल्लूस,

उत्तर नाही. अपेक्षितच होतं. पाकीट परत आलेलं नाही, म्हणजे पत्ता खरा आहे आणि पत्र तुझ्यापर्यंत पोचलं आहे. मूग गिळून गप्प बसणं हे पहिल्यापासून तुझं हत्यार. लहानपणी दुधाची साय कुणी खाल्ली विचारलं, की तू असाच छताकडे बघायचास.

मी बाबांना सांगितलं. सांगणार नव्हते, पण राहवलं नाही. जेवताना म्हटलं, "बाबा, क्लॅरिनेटची नोंद सापडली मला. आमच्या खिडकीतून कुणीतरी नेलंय."

त्यांनी पेला ताटाच्या काठावरच ठेवला. पाणी ताटात सांडलं.

"कुणी?" म्हणाले.

"टिल्लूनं."

ही बातमी ऐकून बापाला संताप यायला हवा की नाही? ते म्हणाले, "जाऊ दे ना आता. जुनी गोष्ट. तू त्याला काही लिहू नकोस."

"लिहिलं," मी म्हटलं.

ते उठून आत गेले. भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तर म्हणतात, "त्याचं काही उत्तर?" बघ, इतकं करूनही जीव तुझ्यातच. तुला पाठीशी घालायची त्यांची सवय जात नाही. आई असती तर तिने दोघांनाही सरळ केलं असतं.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकते आहे. तू घर सोडल्यावर चोरून बाबांना भेटला होतास का? तुमच्या दोघांत काही ठरलं आहे का, जे मला माहीत नाही? या घरात कुठेतरी पाणी मुरतं आहे आणि ते मी शोधून काढणार. हल्ली बाबा माझ्यासमोर त्यांच्या खोलीचं दार लोटून घेतात. आधी घेत नसत.

ताई

१ मार्च

टिल्लूस,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी भावाचं अक्षर बघितलं आणि ते किती, तर तीन शब्द. 'ताई, नीट बघ.'

नीट बघ म्हणे! मी? जिने लोकांच्या बुटात लपवलेली तिकिटं शोधली तिला तू नीट बघायला शिकवणार? ते कार्ड मी खिडकीच्या काचेला आतून चिकटवलं, राग विझू नये म्हणून. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसत होते. एका बाईला तिची पर्स देताना आतल्या कंगव्याला किती दात आहेत ते विचारलं.

दुपारी कमांडबाई आली, नोंदींचं काम कुठवर आलंय बघायला. माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान, पण बोलते अशी की आपणच तिच्याकडे शिकवणीला आलोय. तिने पडद्यावर डोकावून बघितलं आणि थांबली.

"ताई, अहो, मधल्या रिकाम्या ओळी कुठे गेल्या?"

"काढल्या," मी म्हटलं. "प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ होती. कशाला ती? छापायला गेलं की कागद वाया. पहिल्याच दिवशी सगळ्या एकदम उडवल्या. तूच शिकवलंस ना, रिकामी ओळ कशी गाळायची ते."

तिने कपाळाला हात लावला. "शिकवलं, पण कुठे गाळायची ते नाही सांगितलं. ताई, ती रिकामी ओळ म्हणजे कुंपण आहे. एक नोंद कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, ते त्या ओळीनेच कळतं."

"चार-चार ओळींची तर नोंद आहे," मी म्हटलं. "मी वस्तूपासून चार ओळी घेते. वस्तू, कुठे, नेली, नाव."

"नाव शेवटी?"

"मग कुठे? नाव-सही खालीच असते. जगात कुठलाही अर्ज बघ."

"या फाइलीत नाव वर असतं." ती अगदी हळू बोलली, बहुतेक माझा चेहरा बघून. "खिडकीवर माणूस आला, की आधी त्याचं नाव. मग वस्तू, मग कुठे, मग नेली की नाही. तुम्ही वस्तूच्या खालच्या तीन ओळी घेताय ना, त्यातली तिसरी या नोंदीची नाहीच. ती पुढच्या माणसाची आहे. तरी बेरीज चारच भरते, म्हणून कळत नाही."

मला खरं वाटेना. मी फाइल अगदी वरून उघडली. पहिलीच ओळ नावाची होती. ती मी पहिल्या दिवशी बघितली होती आणि फाइल ज्याने तयार केली त्या साहेबाचं नाव असेल, असं समजून सोडून दिली होती. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, त्या चार ओळींवर घेतला नाही. चार हव्या होत्या, चार मिळाल्या आणि तू सापडलास. मला तूच सापडायला हवा होतास, म्हणून असेल.

कमांडबाईने रिकाम्या ओळींसकटची मूळ फाइल काढली. दुसरी आज्ञा दिली, तिचं नाव ऑक. ही ओळी मोजत नाही. तिला सांगायचं, एका रिकाम्या ओळीपासून दुसऱ्या रिकाम्या ओळीपर्यंत सगळं एकत्र धर आणि त्यात हा शब्द असेल तर अख्खी नोंद दे. तिने ती माझ्याकडून टाईप करवून घेतली.

awk -v RS= '/क्लॅरिनेट/' जुनी.txt

एकच नोंद आली. चार ओळी. वरच्या ओळीत बाबांचं नाव होतं.

तुझ्या नावात मध्ये येतं तसं नाही. पहिलं. त्यांचं स्वतःचं.

मी कमांडबाईला म्हटलं, चहा घेऊन ये. तिला बाहेर घालवायला. मग शब्द बदलला आणि बाबांचं नाव टाकलं. त्यांची ती एक नोंद आलीच, पण त्यांचं नाव तर तुझ्याही नावात आहे. म्हणून तुझ्याही आल्या, टिल्लू. पडदा वर सरकत राहिला. बाबांच्या लगेच खाली तुझी पहिली, म्हणजे त्याच दिवसाची. वस्तूच्या ओळीत क्लॅरिनेट हा शब्दच नाही. 'वडिलांचं वाद्य, काळी लांबट पेटी' असं लिहिलंय. म्हणून ग्रेपला ती कधी दिसली नाही. नेली: नाही, फळीवर नाही.

फळीवर नाही! खिडकीतल्या त्या माणसाने मान वळवून फक्त फळी बघितली. बाबा पेटी घेऊन नुकतेच गेले होते. ती नोंद त्याच्या डोळ्यांसमोर होती, तुझ्या नोंदीच्या एक ओळ वर, आणि ती वाचायचे कष्ट त्याने घेतले नाहीत.

त्यानंतर तू परत आलास. परत. आणि परत. दर वेळी वडिलांचं वाद्य, दर वेळी नाही. मग तू घर सोडलंस, तर नोंदींत 'फोनवरून' यायला लागलं आणि नंबर लांबचा झाला. मी मोजायला सुरुवात केली होती, पुढे मोजवलं नाही. सगळ्यात खालची नोंद जुन्या फाइलीच्या अगदी शेवटाजवळ आहे. म्हणजे मी या खिडकीत येईपर्यंत तू फोन करत होतास.

कमांडबाई चहा घेऊन आली तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडत होते. तिने पेला ठेवला आणि खिडकी बंदची पाटी लावली. बाहेर कुणीतरी छत्रीसाठी ओरडत होतं.

ताई

४ मार्च

टिल्लू,

बाबांना लगेच विचारलं नाही. जुनी खोड, आधी पाळत ठेवली. ते कधी उठतात, कुठल्या खोलीत जातात, दार लोटल्यावर कसला आवाज येतो. आज सकाळी आतून एक खटका ऐकू आला. पाठोपाठ दुसरा. पेटीच्या कड्या उघडल्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. मी सरळ दार ढकललं.

ते पलंगावर बसले होते. मांडीवर उघडी पेटी. क्लॅरिनेटचे तुकडे आपापल्या खाचेत, मखमल थोडी कसर लागलेली. ते ना दचकले, ना त्यांनी काही झाकलं.

"माझ्याच घरात?" मी म्हटलं.

"तुझ्या आईच्या साड्यांच्या खाली होती," ते म्हणाले. "तिथे तू कधी हात घालत नाहीस."

मग मी बोलले, टिल्लू. आजवर त्यांना कधी वर तोंड करून बोलले नव्हते, ते सगळं बोलले. तो वर्षानुवर्षं विचारत होता, तो पहिल्यांदा विचारायला गेला त्याच दिवशी तुम्ही पेटी घेऊन आला होतात, माझ्यासमोर गप्प बसलात, मी त्याला चोर म्हटलं तेव्हाही गप्प बसलात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या कवळीला बोट लावलं.

"ही बसवली त्या वर्षापासून सूर धरत नव्हता. फुंकलं की नुसती हवा. तालमीत मी मागे बसून बोटं हलवायचो. शेजारचा वाजवायचा, तो चांगला माणूस, कुणाला बोलला नाही. आणि निरोपाच्या कार्यक्रमात मला एकट्याला वाजवायचं होतं. तेवढ्यात टिल्लूकडून पेटी गाडीत राहिली. तुला काय सांगू, मला सुटल्यासारखं झालं. आणि दुसऱ्याच दिवशी आगारातून फोन, या, तुमची पेटी सापडली. आत माझं कार्ड होतं ना."

"मग सांगायचं नाही का?"

"सापडलं म्हटलं असतं, तर वाजवावं लागलं असतं."

मला राग आवरत नव्हता आणि त्यांचा तो पडलेला ओठ बघवत नव्हता. दोन्ही एकाच वेळी.

"वाटलं, कार्यक्रम झाला की सांगू," ते म्हणाले. "तेवढ्यात तू त्याला बोललीस, तो गेला. मग सांगायचं म्हणजे माझ्यापायी गेला हे कबूल करायचं. रोज वाटायचं, उद्या सांगू."

तुझ्या नोंदींचा छापलेला कागद मी त्यांच्या हातात दिला. रिकाम्या ओळींसकट छापला होता, लांबलचक झाला होता. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. एकेक नोंद, बोट ठेवून. वाचून झाल्यावर कागद पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

मी चुकले, टिल्लू. मला हे वाक्य लिहायची सवय नाही, अक्षर बघ कसं आलंय. तुझा कॅमेराही त्या फोटोवाल्याचा होता, काल मुद्दाम जाऊन विचारलं. उसना दिला होता म्हणाला. तू तेव्हा तेवढं तरी सांगायचंस. पण मी ऐकलं असतं का, हेही मला विचारायला हवं.

बाबांनी लिहायला घेतलं होतं. 'चिरंजीव' एवढं लिहून कागद बाजूला ठेवला. म्हणाले, मला लिहिता येत नाही हे.

ताई

११ मार्च

लाडक्या टिल्लूस,

राखून ठेवलेले आशीर्वाद सोबत पाठवते आहे. सगळे. बरेच साठले होते.

तीन दिवसांपूर्वी खिडकी उघडली तर रांगेत पहिले बाबा. इस्त्रीचा सदरा, बगलेत काळी पेटी. घरी मला एका शब्दाने बोलले नव्हते. मी निघाल्यावर मागच्या गाडीने आले असणार. मी म्हटलं, "बाबा, इथे काय?"

"सापडलेली वस्तू जमा करायची आहे," ते म्हणाले. अगदी परक्या माणसासारखे. मागे रांग होती म्हणून की काय, कोण जाणे. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकतंय का. मग मनात म्हटलं, ऐकू दे.

"वस्तू कुणाची?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

"माझ्या मुलाची. तो विचारत असतो इथे."

"मालक तुम्ही आहात, बाबा."

"शोधली त्याने," ते म्हणाले. "मी नुसती लपवली. लिही तू."

मागे छत्रीसाठी आलेला माणूस म्हणाला, "काका, जरा लवकर." बाबांनी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो छत्रीचं विसरून एक पाऊल मागे सरकला.

मी लिहिलं. नव्या यंत्रणेत याला जागा नाही. तिथे 'कुठे' या रकान्यात गाडीचा क्रमांकच लागतो. म्हणून जुनी फाइल उघडली आणि तुझ्या शेवटच्या चौकशीच्या खाली, मध्ये एक रिकामी ओळ सोडून, ही नोंद टाकली. कमांडबाईने बघितलं आणि फाइल जतन करायची कळ स्वतःच दाबली.

पेटी फळीवर आहे, अगदी समोर, मान वळवली की दिसेल अशी. तेव्हापासून बाबा घरी बसायला तयार नाहीत. सकाळी माझ्याबरोबर येतात आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसतात. लांबच्या गाड्या जिथे लागतात तो फलाट तिथून दिसतो. मी म्हटलं, अहो, पत्र पोचायला तरी वेळ लागेल. म्हणाले, तो पत्राची वाट बघणाऱ्यातला नाही.

नोंद उतरवून देते. नाव वर आहे, बघ.

नाव: बाबांचं. स्वतः आणून दिली.
वस्तू: वडिलांचं वाद्य, काळी लांबट पेटी
कुठे: घरी
नेली:

शेवटची ओळ तू येऊन भरायची आहेस. तोवर ती तशीच राहील. रिकामं दिसलं की काढून टाकायचं, हे मी आता सोडलं आहे.

तुझी,
ताई